अक्काचे अकरा दात आणि माझा क्लॅम्प

अक्काच्या तोंडात तेव्हा अकरा दात होते. वर सहा, खाली पाच. धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी ते मोजून कागदावर लिहून दिले होते आणि तो कागद अक्काने मला फोनवर दोनदा वाचून दाखवला होता. अकराच्या अकरा हलत होते. सगळे काढायचे, हिरड्या भरल्या की कवळी बसवायची, असं ठरलं. पहिल्या खेपेला समोरचे जाणार होते. तारीख मिळाली ती महिन्याभरानंतरची.

अक्का ही माझी सख्खी थोरली बहीण, वय एकाहत्तर, राहणार धुळे. मेहुणे जाऊन तीन वर्षं झाली. ते अचानक गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही धड फोटो घरात निघाला नाही. शेवटी ओळखपत्रावरचा बोटाएवढा फोटो मोठा करून चौकटीत बसवला. तो काढताना फ्लॅश त्यांच्या डोळ्यांवर आला असावा. डोळे वटारलेले, तोंड अर्धवट उघडं, भुवया कपाळात. हार घातल्यावर तर त्यांचा चेहरा आणखीच दचकलेला दिसतो. येणारा पाहुणा नमस्कार करतो आणि हळूच विचारतो, "कशाने गेले?" अक्का सांगते, "झोपमा." पाहुणा पुन्हा फोटोकडे बघतो. त्याला ते पटत नाही.

म्हणून अक्काने ठरवलं होतं की तिचा भिंतीवरचा फोटो ती जिवंतपणीच, स्वतः बसून काढून घेणार. फ्लॅश चालणार नाही. आणि तिच्या स्वतःच्या दातांनिशी.

"कवळीनं हासू मनं नही रे भाऊ," ती घरच्या खानदेशी बोलीत म्हणाली. "तोंडमा दात शेतस तोवर काढी ले."

घराण्यात कॅमेरा माझ्याकडे आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी जळगावला एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो. कापसाच्या गाड्या तोलतो. गाडी येते, भरलेली तोलायची, कापूस उतरतो, रिकामी तोलायची, वजाबाकी करायची. हे मी सव्वीस वर्षं करतो आहे. कॅमेरा हौसेचा आहे, पण हात आता थोडा कापतो, आणि फ्लॅश नाही म्हटल्यावर घरातल्या उजेडात फोटो हलतो. म्हणजे ट्रायपॉड हवाच. चाळीसगावचा एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी त्यांचा जुना ट्रायपॉड घेतला होता. तीन पाय उत्तम. दोष डोक्यात होता.

तो दोष कळला भरीत पार्टीत. थंडीचे दिवस, चुलतभावाच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, पंचवीस-तीस माणसं, आणि अक्का खास धुळ्याहून आलेली. संध्याकाळचा मऊ उजेड होता. अक्काला बाजेवर बसवलं, समोर ट्रायपॉड गुडघ्याएवढा खाली करून लावला. मध्ये भरताचं पातेलं होतं, ते हलवायला कोणी तयार नव्हतं. मी भिंगातून बघत होतो, तर अक्का हळूहळू वर सरकायला लागली. आधी डोक्यावरचा पदर गेला, मग हनुवटी, मग बाज, मग पातेलं. माझ्या लक्षात येईपर्यंत, जेवताना पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा कॅमेरा पुढे झुकला, ट्रायपॉडच्या डोक्यावरून सुटला आणि नाकावर भरतात पडला.

"पहिला घास त्याला गेला," चुलतभाऊ म्हणाला, "आता आम्हाला वाढा."

भिंगाच्या कडेतून शेंगदाण्याचा अर्धा दाणा आणि कांद्याची पात निघाली. कॅमेरा वाचला. पण त्या दिवशीचा फोटो गेला, आणि अक्का धुळ्याला परत गेली.

घरी येऊन मी तपास केला. ट्रायपॉडची ही रचना साधी असते. कॅमेऱ्याच्या बुडाला एक चपटी पट्टी स्क्रूने बसवतात. ट्रायपॉडच्या डोक्यावर त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी धरणारा जबडा असतो, त्याला क्लॅम्प म्हणतात. जबडा उघडला की कॅमेरा चटकन सुटतो, मिटला की पक्का. जिनिंगच्या फिटरकडून व्हर्नियर मागून आणलं आणि मोजलं. पट्टी अडतीस मिलिमीटर. जबडा पूर्ण मिटल्यावर अडतीस पूर्णांक सात दशांश. म्हणजे सात दशांशाची फट. एवढ्या फटीतून अक्काचं हसू भरतात पडलं.

मी तीन नवे क्लॅम्प मागवले. एक खटक्याचा: दांडी दाबली की बंद, ओढली की उघडा. दुसरा फिरकीचा: पिळत बसायचं. तिसरा आपोआप बसणारा: पट्टी ठेवली की स्वतःच कट्‌ करून मिटतो. तिन्ही लाल रंगाचे, तळहातावर मावणारे. तिन्हींच्या खोक्यावर लिहिलेलं, भार वीस किलो.

"तुमचा कॅमेरा केवढ्याचा आहे?" बायकोने विचारलं.

"भिंगासकट एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम."

"मग लावा कुठलाही आणि जा धुळ्याला."

"खोक्यावर वीस लिहिलंय. ते खरं आहे का, बघायला नको?"

"तुमच्या अक्का वीस किलो हसणार आहेत का?"

काट्यावर बसलेल्या माणसाने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायला सुरुवात केली तर झालंच. शिवाय एकदा भरतात पडलेला माणूस दुसऱ्यांदा पडला तर त्याला क्षमा नाही.

क्लॅम्प हातात आले तेव्हा चोवीस दिवस उरले होते. तीन क्लॅम्प, प्रत्येकी सात दिवस लटकता भार, एकवीस. उरले तीन. त्यातला एक जाण्यायेण्याचा, एक फोटोचा, एक शिल्लक. हिशेब चोख बसत होता.

प्रश्न भाराचा होता. जिनिंगमधली वजनं घरच्या कामाला आणणं मला पटेना. बायको पिठाचा डबा देईना. अक्काचे दीर रावेरकडे केळी पिकवतात. अक्काने त्यांना फोन केला आणि त्याच संध्याकाळी एका गाडीवाल्याने हिरव्या केळीचा घड दारात आणून टाकला. तोलला. एकवीस किलो चारशे. याहून योग्य वजन मला मागून मिळालं नसतं.

आमच्या ओट्यावर झोपाळ्यासाठी लावलेला लोखंडी पाइप आहे. त्याला खटक्याचा क्लॅम्प उलटा बोल्ट केला. जबड्यात पट्टी, पट्टीला आकडा, आकड्याला दोरी, दोरीला घड. दोरी मी इतकी आखूड बांधली की घडाच्या दांड्याचं कापलेलं टोक थेट क्लॅम्पला बाजूने घासत होतं. त्यातून चीक पाझरत होता. ते मला दिसलं होतं, पण चिकाचं वजन नगण्य, म्हणून मी ते नोंदवलं नाही.

रोज सकाळी सातला मी खाली बसायचो आणि जमिनीपासून घडाच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहायचो. क्लॅम्प सरकला तर अंतर कमी होणार. पहिल्या दिवशी सहाशे बारा मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी सहाशे बारा. तिसऱ्या दिवशी सहाशे चौदा. चौथ्या दिवशी सहाशे सतरा.

अंतर वाढत होतं. घड वर चालला होता.

मी टेप बदलली. फरशी पुसून घेतली. पुन्हा सहाशे सतरा. बराच विचार करून मी वहीत लिहिलं : "हा क्लॅम्प भाराखाली सैल न होता उलट आवळत जातो." आणि त्याखाली रेघ मारली.

रोज दुपारी अक्काचा फोन यायचा.

"का रे भाऊ, झायी का तुनी सांडशी?" क्लॅम्प हा शब्द तिने पहिल्या दिवशीच बाजूला टाकला होता.

"अक्का, प्रयोग चालू आहे. निकाल फार चांगला येतोय."

"मना दात तुनी वाट नही दखतस. काल भाकर खाता खाता एक फिरी गया."

"पडला?"

"पडना नही. फिरना. आते तो आडवा शे."

सातव्या दिवशी घड उतरवला. हाताला हलका लागला. तोललं तर आठ किलो दोनशे.

मी ओट्यावरच बसलो. तेरा किलो दोनशे ग्रॅम केळी कुठे गेली, हे बघायला मान वर केली तेव्हा पहिल्यांदा दिसलं की वरच्या सगळ्या फण्या गेलेल्या आहेत. उरली होती खालची हिरवी टोकं. मी रोज खालचं टोक मोजत होतो आणि वरून गल्ली खात होती. भार कमी झाला तशी ताणलेली दोरी आखडली, आणि घड वर गेला. क्लॅम्पचा यात काही पराक्रम नव्हता.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"मीच देत होते. पिकलेला घड ओट्यावर टांगलाय म्हटल्यावर आल्यागेल्याला काय नाही म्हणायचं? आपल्याकडे असं असतं का?"

नसतं, हे खरं होतं. माझ्या सासुरवाडीला आणि अक्काच्याही सासरी ओट्यावरचा घड हा येणाऱ्याचा. तो मोजत नाहीत.

"पण मला सांगायचं तरी."

"तुम्ही वर बघाल असं रोज वाटायचं."

मला केळी गेल्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. सव्वीस वर्षं मी लोकांची प्रत्येक गाडी दोनदा तोलली, भरलेली आणि रिकामी. स्वतःचा घड एकदाच तोलला आणि सात दिवस त्यावर विश्वास ठेवला. वहीतली ती ओळ मी खोडली नाही. खाली लिहिलं, "रद्द." आणि रद्द प्रयोग पुन्हा करावाच लागतो, म्हणून त्याच क्लॅम्पला दुसरा घड टांगला. बावीस किलो शंभर. या वेळी रोज सकाळी तोलायचं ठरवलं आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाटी लावली : "या घडाला हात लावू नये."

पाटीचा उपयोग झाला. केळ्यांना कोणी हात लावला नाही. पण तिसऱ्या दिवशी शेजारचे नाना, जे रोज आमच्या ओट्यावर पेपर वाचायला येतात, चपला खाली काढून आले.

"भाऊ, कशाचा नवस आहे?"

"नवस नाही, नाना. क्लॅम्प तपासतोय."

"असं," नाना म्हणाले. थोडा वेळ लाल क्लॅम्पकडे बघत राहिले. "आणि किती दिवस बसवायचा असतो?"

"सात."

"उतरवताना बोलवा. रिकाम्या हाताने येणार नाही."

पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर क्लॅम्पला हळदकुंकू लावलेलं. घडाखाली कोणीतरी नारळ ठेवला होता. नारळ दूर ठेवून मी वजन केलं. बावीस किलो शंभरचं एकवीस सातशे झालं होतं, म्हणजे फक्त सुकण्याची घट. अंतर सहाशे पाच, पहिल्या दिवसापासून जसंच्या तसं. सत्य एवढं स्वच्छ मला कधी मिळालं नव्हतं, आणि ते कुंकवाने माखलेलं होतं.

सातव्या दिवशी घड उतरला. नानांनी उदबत्ती आणली होती. केळी गल्लीत वाटली गेली. एक जण म्हणाला की गेल्या आठवड्यापासून त्याच्या बोअरला पाणी वाढलंय. मी म्हणालो, त्याचा याच्याशी संबंध नाही. तो म्हणाला, "तुम्ही म्हणायचंच असं."

चौदा दिवस झाले होते. एक क्लॅम्प तपासून झाला, दोन राहिले, हातात दहा दिवस. सात आणि सात चौदा. दोन्ही बसत नव्हते, तर प्रत्येकी चार दिवस करावे का, या विचारात असताना अक्काचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"भाऊ, डॉक्टरना घरमा लगीन निंघनं. तारीख अलीकडे लीधी. परवा सकाळे अकराले."

"परवा?"

"परवा. मी हो म्हनी दिन्हं. आडवा दात लई दुखस." मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे फोटो. तुना मेहुणानी काय घोडं मारेल व्हतं? त्यासना चाली ग्या, तसा मना बी चाली जाई."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. अक्काने आजवर माझ्याशी बोलताना स्वतःहून फोन ठेवला नव्हता.

मी तिन्ही क्लॅम्प टेबलावर ओळीने ठेवले. दोन कोरे, चकचकीत. एक हळदीकुंकवाचा, डागाळलेला.

"न तपासलेला मी नेणार नाही," मी म्हणालो.

"मग ज्याला कुंकू लागलंय तो न्या," बायको म्हणाली. "कारण तुमचं वेगळं, माझं वेगळं. क्लॅम्प एकच."

फडक्याने वरवर पुसून मी तो ट्रायपॉडवर बसवला. दांडी जरा जड लागली. नवीन आहे, बसेल, असं मनात म्हणालो. म्हणजे उघडून न बघताच विश्वास ठेवला; मीही शेवटी तेच केलं, जे सगळे करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. ट्रायपॉड पिशवीत मावत नव्हता, तीन पाय बाहेर. एरंडोलला एक आबा शेजारी येऊन बसले आणि पारोळ्यापर्यंत ट्रायपॉडकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, खरं सांगा. रस्ता आणखी रुंद होणार आहे का?"

"आबा, मी मोजणीवाला नाही. बहिणीच्या दातांचा फोटो काढायला चाललोय."

आबांनी मान हलवली. "सांगायचं नसेल तर नका सांगू," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं.

धुळ्याला पोचलो तेव्हा अक्का तयार बसली होती. ठेवणीतली अंजिरी साडी, केस चापून बसवलेले. फोन ठेवल्याचा विषय ना तिने काढला ना मी. पुढच्या खोलीत खिडकीचा चांगला उजेड होता. तिला खुर्चीवर बसवलं. मागच्या भिंतीवर मेहुणे दचकलेले. ट्रायपॉड लावला, पट्टी जबड्यात सरकवली, दांडी दाबली. कट्‌. मी कॅमेरा धरून गदागदा हलवला. केसभर हलला नाही. माझा प्रयोग यशस्वी होता.

आता अक्का हसेना.

हा भाग माझ्या हिशेबात धरलेलाच नव्हता. अक्का आयुष्यभर तोंडाला पदर लावून हसत आली. आमच्या घरात मुली तशाच हसायच्या. तिचे दात कसे दिसतात हे मला, तिच्या सख्ख्या भावाला, धड माहीत नव्हतं. मी "हस" म्हणालो की ओठ मिटायचे. "दात दाखव" म्हणालो तर तिने डॉक्टरांना दाखवतात तसे वासून दाखवले.

"बठ्ठा दखाडू का?"

"अक्का, सगळे नकोत. सहज."

"सहज कसं दखाडतस? मी काय घोडी शे?"

एकेक करून मी चाळीस फोटो काढले. पंचवीसमध्ये ओठ मिटलेले, पंधरामध्ये ती तपासणीला बसलेली. ती दमली. जबड्याला हात लावून म्हणाली, "दुखस रे. बस झायं." आणि मेहुण्यांच्या फोटोकडे वळून बघितलं. मला कळलं की उद्या अकरानंतर यातलं काहीच दुरुस्त करता येणार नाही.

मी विचार केला, कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून हातात घ्यावा, गप्पा माराव्यात, आणि ती विसरेल तेव्हा टिपावं. हात कापला तर कापला. एखादा तरी बरा येईल. तोवर काही निसटू नये म्हणून कॅमेऱ्याला दर दोन सेकंदांनी आपोआप एक फोटो काढायला लावला, आणि क्लॅम्पची दांडी ओढली.

दांडी हलली नाही.

जोराने ओढली. नाही. दोन आठवडे त्या सांध्यात केळीचा चीक उतरत होता, त्यावर हळद, त्यावर कुंकू. सगळं मिळून वाळून दगड झालं होतं, आणि दांडी दाबताच तो पाचरीसारखा रुतला होता. चटकन सुटणं हे ज्याचं एकमेव काम, तो आता सुटणारच नव्हता. मी एक पाय ट्रायपॉडच्या पायावर ठेवला आणि दोन्ही हातांनी कॅमेरा उपसला. अख्खा ट्रायपॉड माझ्याबरोबर वर आला. एक पाय माझ्या सदऱ्यात अडकला, दुसरा पडद्यात. मी गोल फिरलो, ट्रायपॉड माझ्याभोवती फिरला आणि कॅमेरा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत दर दोन सेकंदांना खटखट करत राहिला.

"सोड त्याले!" अक्का ओरडली.

"तोच सोडत नाही!"

"वीस किलो धरस म्हने! तुलेच धरी लिन्हं त्यानी!"

आणि अक्का हसली. खुर्चीचे हात दोन्ही हातांनी धरून, मान मागे टाकून हसली. पदर खांद्यावरून खाली गेला होता आणि हात रिकामे नव्हते.

नंतर बघितलं तर त्या गडबडीत चौदा फोटो निघाले होते. चार पडद्याचे, तीन छताचे, पाच माझ्या नाकाचे. एक मेहुण्यांचा, तो मात्र अगदी स्वच्छ. आणि एक अक्काचा. तो अकरा अंशांनी वाकडा आहे, मी कोनमापकाने मोजलं. खालच्या कोपऱ्यात ट्रायपॉडच्या पायाचं रबर दिसतं. सरळ करायला गेलं तर तिचं डोकं कापलं जातं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समोरचे दात गेले.

फोटो छापून, चौकटीत बसवून मी पंधरा दिवसांनी नेऊन दिला, तोवर बाकीचेही गेले होते. वाकडेपणाबद्दल मी आधीच माफी मागितली. अक्काने चौकट मांडीवर घेऊन बराच वेळ बघितली. एका बोटाने काचेवरून दात चाचपले.

"ऱ्हाऊ दे वाकडाच," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "आन् आत्तेच लाव. मी मरानी वाट कसाले दखू? हार मातर घालाना नही."

जिवंत माणसाचा फोटो तिथे लावत नाहीत, असं घरात दोघांनी सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. मी गवंड्याची लेव्हल लावून खिळा ठोकला, मेहुण्यांच्या बरोबर शेजारी, दोन्ही चौकटींत चार इंचांचं अंतर ठेवून. मागे सरून बघितलं. आता मेहुणे अक्काकडे बघून दचकल्यासारखे दिसतात, आणि अक्का त्यांना बघून हसते आहे. हल्ली कोणी विचारत नाही की ते कशाने गेले.

क्लॅम्प अजून उघडलेला नाही. कॅमेरा आणि ट्रायपॉड एकत्रच ठेवतो. नाना मधूनमधून येऊन त्याची चौकशी करतात.

फोटोत आठ दात दिसतात. वर पाच, खाली तीन. त्यातला एक आडवा आहे.